भाटाची वही आणि पेशीतली वही

कापूस वेचून झाला, घरात चार पैसे आले की आमच्या गावात भाट यायचे. लाल फडक्यात गुंडाळलेली लांबट वही, कडेला बोटांचे तेलकट डाग. ओट्यावर सतरंजी पडायची, भाऊबंद जमायचे आणि भाट एका सुरात वाचायला लागायचे. अमक्याचा तमका, तमक्याचे तीन, त्यातला थोरला तापीपलीकडे गेला, धाकट्याने इथे विहीर खणली. मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या पोरांची नावं दक्षिणा घेऊन वहीत चढायची. मुलीचं नाव चढवायला कुणी खिशात हात घातल्याचं मला आठवत नाही. आजी चुलीपासून ओरडायची, "अन् बाया कोठे ग्यात?" भाट हसायचे आणि पान उलटायचे.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत नव्हतंच. ते होतं आजीच्या लाळेत.

खान्देशात नवा माणूस भेटला की दुसरा नाही तर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, मूळचे कुठले? लेवा पाटील सांगतात गुजरातेतून आलो, राजपूत मारवाडाकडे बोट दाखवतात, पावरा म्हणतात आमचं नावच पावागडावरून पडलं. तापीचं खोरं म्हणजे उत्तर आणि दख्खन यांच्या मधली ओसरी. बऱ्हाणपूरकडून आलेला इथे टेकला, सुरतेकडून आलेलाही टेकला. या गोष्टी पाच-सातशे वर्षांच्या. त्याआधी कोण कुठून आलं, हे सांगायला भाट नाही, शिलालेख नाही. तिथे दुसरी वही उघडावी लागते.

ही दुसरी वही आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. तिचं नाव डीएनए. ए, टी, जी, सी अशा चारच अक्षरांत लिहिलेली, एकूण सुमारे ३०० कोटी अक्षरांची. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. मूल होताना या वहीची नक्कल होते, आणि नक्कल करणारी यंत्रणा कितीही काटेकोर असली तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला साठ-सत्तर नव्या चुका येतात. बहुतेकांनी काही बिघडत नाही. पण चूक एकदा झाली की पुढच्या नकलांत ती तशीच उतरते.

इतिहास वाचायचा तो याच चुकांवरून. शाळेत कॉपी कशी पकडली जायची आठवा. दोन पोरांची उत्तरं बरोबर आली तर मास्तर काही बोलायचे नाहीत. पण दोघांनीही 'नर्मदा'चं 'नमर्दा' केलं असेल, तर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या जायच्या. वंशशास्त्र हेच करतं. तुमच्यात आणि माझ्यात सारखं काय आहे यावरून फारसं कळत नाही, कारण जगातली कुठलीही दोन माणसं हजारांत ९९९ अक्षरं सारखीच घेऊन फिरतात. उरलेलं हजारातलं एक अक्षर वेगळं, म्हणजे ३०० कोटींत साधारण ३० लाख जागा. त्या ३० लाखांपैकी कोणत्या चुका कुणाकुणात सामाईक आहेत, त्या मोजत गेलं की कोण कुणापासून किती काळापूर्वी वेगळं झालं याचा अंदाज येतो.

इथे एक गैरसमज लगेच काढून टाकायला हवा. अमक्या जातीचं, तमक्या धर्माचं असं अक्षर कुठेही नसतं. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने जगभरच्या माणसांमधल्या फरकांचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत निघाला. रावेरच्या एका गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांत जेवढा फरक, त्यात थोडीशीच भर घातली की रावेरचा माणूस आणि नॉर्वेचा माणूस यांच्यातला फरक होतो. मग समूह ओळखता कसे येतात? बोलीवरून माणूस ओळखतो तसे. चाळीसगावचा कोण आणि रावेरचा कोण, हे एका शब्दावरून सांगता येत नाही. दहा वाक्यं बोलू द्या, कुठलाही खान्देशी बरोबर सांगेल. शास्त्रज्ञही लाखो जागांचा हेल एकत्र ऐकतात.

आता आजीकडे येऊ. डीएनएच्या वहीतले दोन तुकडे बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत. एक म्हणजे वाय गुणसूत्र. ते फक्त बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे हुबेहूब भाटाची वही. दुसरा तुकडा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामध्ये असतो, जेमतेम १६,५६९ अक्षरांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. मुलगे आणि मुली दोघांनाही मिळतो, पण पुढे देतात फक्त मुली. आईची आई, तिची आई, तिची आई. जी वही कुठल्याच भाटाने ठेवली नाही ती ही.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी वेगवेगळ्या वंशांच्या १४७ जणांकडचा हा तुकडा तपासला. साऱ्या फांद्या मागे मागे जात एका बाईपाशी मिळाल्या. ती आफ्रिकेत, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी होऊन गेली. पत्रकारांनी तिला 'ईव्ह', म्हणजे बायबलमधली पहिली बाई, म्हटलं आणि घोळ झाला. त्या काळी ती एकटीच बाई नव्हती, हजारो होत्या. पण कुणाला मुलगेच झाले, कुणाच्या मुलींना मूल झालं नाही, अशा एकेक करत बाकीच्यांच्या आई-ते-मुलगी साखळ्या तुटल्या. गावात एकच आडनाव उरलं म्हणून गाव एकाच माणसाने वसवलं असं होत नाही.

आणि भाटाच्या वहीबद्दल थोडं खट्याळ गणित. तुमचे आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहा पिढ्या मागे, म्हणजे साधारण शिवकाळाच्या आसपास, तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात १०२४. भाट त्यातल्या एकाचं नाव मोठ्या थाटात वाचतो. बाकी १०२३ जण बसलेले असतात ओट्याबाहेर. तीस पिढ्या मागे गेलात तर जागा होतात १०७ कोटी, आणि त्या काळी सगळ्या जगात मिळून तेवढी माणसं नव्हती. म्हणजे तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागांवर बसलेले. दोन अनोळखी खान्देशी माणसांचे पूर्वज सामाईक आहेत का, हा प्रश्नच उरत नाही. किती जवळचे, एवढंच विचारायचं.

या १०२४ पैकी बऱ्याच जणांचा वाटा वहीच्या उरलेल्या, सगळ्यात मोठ्या भागात मिसळलेला असतो. तो कसा मिसळतो हे कळायला केळीच्या बागेत जाऊन उलटं शिकावं. जळगावकडे सगळीकडे दिसणारी जी-९, म्हणजे ग्रँड नैन, ही बियांपासून होत नाही. मुनवा लावा किंवा टिश्यू कल्चरचं रोप लावा, आई तीच लेक. लाखो झाडं, वही एकच. म्हणून एका झाडाला घेरणारा रोग सगळ्या बागेला घेरू शकतो. माणसाचं तसं नाही. आईच्या आणि बापाच्या प्रती पुढच्या पिढीत जाताना कापल्या जातात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि नवी प्रत शिवली जाते. थेट वाकळीसारखं. समजा पहिल्या पिढीत एक हिरवं लुगडं आणि एक पांढरं धोतर जोडलं. मोठेमोठे सलग पट्टे दिसतील. दर पिढीला ते आणखी कापून पुन्हा शिवत राहिलात तर हिरवे तुकडे बारीक बारीक होत जातील. आता कुणी तुमच्या हातात नुसती वाकळ ठेवली आणि विचारलं, पहिलं लुगडं कधी फाडलं? तुकड्यांची लांबी मोजा. लांब तुकडे म्हणजे मिश्रण अलीकडचं, बारीक म्हणजे जुनं. लोकसंख्येच्या इतिहासातल्या बऱ्याच तारखा अशाच काढल्या जातात, आणि मला तरी यापेक्षा सुंदर घड्याळ माहीत नाही.

या घड्याळाने जे दिसलं ते थोडक्यात असं. आधुनिक माणसाचा सर्वात जास्त वैविध्य असलेला साठा आफ्रिकेत आहे, आणि तिथून जितकं दूर जावं तितकं वैविध्य कमी होत जातं. कारण दर टप्प्यावर थोडेच लोक पुढे निघाले. पोत्यातून वाटी, वाटीतून मूठ. साधारण ६०-७० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या एका लाटेतून उरलेल्या जगातली जवळजवळ सगळी माणसं आली. वाटेत निअँडरथल, म्हणजे माणसाचीच एक आता नामशेष झालेली भावकी, भेटली आणि संबंधही झाले. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या वहीत आजही एक ते दोन टक्के अक्षरं निअँडरथलांची आहेत. हे २०१० मध्ये दाखवून देणाऱ्या स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. हा सगळा बर्फाळ युरोपातला मामला वाटत असेल तर एक गोष्ट ऐका. २०२० मध्ये पेबो आणि त्यांचे सहकारी ह्युगो झेबर्ग यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथल तुकडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना कोविड गंभीर होण्याचा धोका जास्त. हा तुकडा दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत सापडतो, आफ्रिकेत जवळजवळ नाहीच.

आपल्याकडे हे लोक लवकर पोहोचले. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या आईकडच्या साखळ्या 'एम' नावाच्या एका जुन्या फांदीवर बसतात, आणि तिच्या उपफांद्या इथेच हजारो वर्षं फुटत राहिल्या आहेत. खान्देशात या जुन्या रहिवाशांची एक खूण हातात धरता येते. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेलं कवच मिळालं. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. शहामृग आणि चाळीसगाव! पुढे २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतात मिळालेल्या अशाच जुन्या कवचांतून डीएनए काढला, आणि तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. पाटणादेवीला गेलात तर भास्कराचार्यांच्या बरोबरीने त्या मणी घासत बसलेल्या माणसाचीही आठवण काढा.

माणसांच्या जुन्या हाडांतून मात्र डीएनए मिळवणं आपल्या हवेत महाकठीण. उष्णता आणि ओल ही अक्षरं खाऊन टाकतात. भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हडप्पाकालीन दफनभूमीतले साठाहून जास्त नमुने तपासले. कानाच्या आतलं, शरीरातलं सर्वात टणक हाड वापरूनसुद्धा वाचता येईल एवढा डीएनए एकाच बाईत मिळाला. तिचा निकाल २०१९ मध्ये छापून आला. तिच्यात दोन प्रवाह होते. एक इथल्या प्राचीन शिकारी लोकांचा, दुसरा प्राचीन इराणकडच्या लोकांशी नातं सांगणारा. तिसरा प्रवाह, कझाकस्तान-रशियाच्या गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा, तिच्यात नव्हता. तो इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास आला आणि आज भारतातल्या बहुतेक समूहांत कमी-जास्त प्रमाणात आहे. वाय गुणसूत्रात तो आईकडच्या तुकड्यापेक्षा ठळक दिसतो, म्हणजे आलेल्यांत आणि इथे घर थाटणाऱ्यांत पुरुष जास्त असावेत. या निकालावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या सोयीची वाक्यं उचलली. 'बाहेरून कुणी आलंच नाही' म्हणणाऱ्यांनी ती बाई पुढे केली, 'अमके सगळे बाहेरचे' म्हणणाऱ्यांनी गवताळ पट्टा. दोघांचीही वही अर्धीच वाचून झाली होती.

कारण पुढचं पान जास्त रंजक आहे. २००९ मध्ये हैदराबादचे के. थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतले डेव्हिड राईख यांनी भारतातल्या २५ समूहांतल्या १३२ जणांचा अभ्यास छापला. त्या यादीत काश्मिरी पंडित होते आणि आपले भिल्लही होते. पश्चिम आशिया-युरोपाकडे झुकणारा वाटा मुख्य भूमीवरच्या बहुतेक समूहांत ३९ ते ७१ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी पडला. त्यांत शून्य कुणाचाच नाही, शंभर कुणाचाच नाही. भिल्ल मिश्र, पंडित मिश्र. आपण 'मूळचे' आणि 'आलेले' अशी सरळ रेघ मारतो, ती वाकळीत कुठेच दिसत नाही. २०१३ मध्ये प्रिया मुरजानी आणि सहकाऱ्यांनी तुकड्यांची लांबी मोजून या मिश्रणाचा काळ काढला. आजपासून साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे ताम्रपाषाण काळातले लोक रंगीत मडकी भाजत होते, तो काळ याच पट्ट्यातला. दोन हजार वर्षं लोक दूरदूरच्या लोकांशी सोयरीक करत होते. मग ते थांबलं. जवळजवळ अचानक. जातीबाहेर लग्न नाही हा नियम कागदावरच राहिला नाही, तो पेशींत उतरला, आणि पुढच्या पिढ्यान्‌पिढ्या तो इतका कडक पाळला गेला की शेजारच्या दोन आळ्यांतल्या लोकांत वेगवेगळ्या देशांतल्या लोकांइतकं अंतर पडलं. जात सनातन आहे असं मानणाऱ्याला आणि जात इंग्रजांनी बनवली म्हणणाऱ्याला, दोघांनाही ही तारीख अडचणीची.

बंद दरवाज्याचा परिणाम साधा असतो. थोड्या लोकांपासून सुरू झालेला समूह आतल्या आतच लग्नं करत राहिला, तर त्या थोड्यांपैकी एकाची घातक चूक पुढे शेकडोंच्या वाट्याला दोन्हीकडून येते. २०१७ च्या एका अभ्यासात २६३ दक्षिण आशियाई समूह तपासले, त्यातल्या ८१ समूहांत हा परिणाम, ज्यांचं उदाहरण याबाबत नेहमी दिलं जातं त्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र निघाला. दक्षिणेतल्या वैश्य समाजात काहींना शस्त्रक्रियेच्या वेळचं एक ठराविक औषध पचत नाही, स्नायू लवकर सैल अवस्थेतून बाहेर येत नाहीत, ते याचमुळे. आपल्याकडे लग्न जमवताना कूळ-गोत्र टाळलं की झालं असं समजतात. कूळ म्हणजे भाटाची एकच रेघ. बाकी १०२३ जणांचं काय?

जाता जाता भाषेविषयी. आपण भाषेवरून वंश ठरवायला फार उतावीळ असतो. सातपुड्याच्याच मेळघाटात कोरकू बोलणारे आहेत, त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे दूरच्या नात्याने कंबोडियाच्या ख्मेरची बहीण. मुंडा भाषकांत बापाकडची साखळी आग्नेय आशियाकडे जाते आणि आईकडची भारतातच राहते. भाषा एकीकडून आली, माणसं दोन्हीकडून. जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक आहेत, त्या भाषेचं जगात कुणाशीच नातं लागत नाही. बोलणारी माणसं मात्र आसपासच्यांशी सोयरीक असलेलीच. अहिराणीचं नाव अहिरांवरून आलं म्हणून अहिराणी बोलणारा प्रत्येक जण आभीर राजांचा वंशज ठरत नाही. माझी आजी अहिराणी बोलायची, तिची आई दुसरंच काही.

आता सातपुडा चढू. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर. इथे एका अक्षराची गोष्ट घरोघर माहीत आहे, सिकलसेल. हिमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेत एका जागी ए च्या ऐवजी टी पडतो. ३०० कोटींत एक. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, पोट, छाती यांत असह्य कळा येतात. गंमत अशी की ज्या तांबड्या पेशी वाकतात, त्यांच्यात स्वतःची वही नसतेच. सूचना देऊन झाली की ती बाहेर टाकली जाते. ही चूक इतकी वाईट, तर ती आतापर्यंत नाहीशी का झाली नाही? कारण जिच्याकडे चुकीची एकच प्रत आहे ती व्यक्ती जवळजवळ निरोगी असते, आणि तिला मलेरिया सहसा जीवघेणा होत नाही. मलेरियाच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची पोरं जगली, त्यांच्या पोरांनी हे अक्षर पुढे नेलं. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत ते जास्त दिसतं ते काही दोष म्हणून नव्हे. पूर्वज मलेरियाशी लढून वाचले, त्याची ही पावती आहे.

हे अक्षर एकटं प्रवास करत नाही, शेजारची अक्षरंही सोबत घेऊन फिरतं. म्हणून शेजार बघून घराणं ओळखतात. आफ्रिकेत असे चार प्रमुख शेजार सापडतात. पाचवा शेजार पूर्व सौदी अरबस्तानात आणि भारतात, त्याला अरब-भारतीय म्हणतात. धडगावच्या पाड्यावरच्या पोराच्या त्या इवल्या तुकड्याची शेजारपाजारची अक्षरं अरबी आखाताच्या काठावरच्या पोराशी जुळतात. या शेजारात जन्मल्यानंतरही बाळाच्या हिमोग्लोबिनचा वाटा जास्त टिकून राहतो, आणि तेवढ्यापुरता आजार थोडा सौम्य होऊ शकतो. 'सौम्य' हा शब्द अर्थात रात्री कळा सोसणाऱ्याला विचारून वापरावा.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ चं लक्ष्य ठेवून. आश्रमशाळेत, आरोग्य केंद्रात बोटाच्या टोकाचं रक्त घेतात, आधी साधी चाचणी, संशय आला तर पुढची. हातात कार्ड येतं. वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांचं लग्न ठरलं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक होण्याची, चारात एक दोन्ही प्रती चांगल्या असण्याची. म्हणून सोयरीक पक्की होण्याआधी दोन्ही घरची कार्डं शेजारी ठेवून बघा, असं आशाताई पाड्यापाड्यावर सांगत असतात.

तपासणीच्या अहवालावर निकाल दोन अक्षरांत असतो. एए, एएस किंवा एसएस. इथे ए म्हणजे चांगली प्रत, एस म्हणजे सिकलची. एक अक्षर बापाचं, एक आईचं.